समुद्राच्या नावाने पावती फाडू नका

मालवणच्या किनाऱ्यावर स्कुबाला आलेल्या पाहुण्यांच्या हातात आरोग्याचा फॉर्म पडतो, तो भरताना एकदा बघाच. दमा? नाही. हृदयविकार? नाही. सर्दी? नाही. हे लिहिणारे गृहस्थ दुसऱ्या हाताने नाक पुसत असतात. फॉर्म घेणारा पोरगा ते बघतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारतो. उद्या काही बरंवाईट झालं की दोघंही समुद्राकडे बोट दाखवायला मोकळे.

‘जास्त खोल नेत नाही हो, काही होत नाही,’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. दहा मीटरवर एकूण दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतलेला श्वास रोखून वर आलात, तर ती हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस कुठून देणार? फाटतं. त्याला दहा मीटरही लागत नाहीत. भरल्या छातीने सव्वा मीटर वर येतानाही इजा होऊ शकते. श्वास रोखू नका, हे सांगायला किती वेळ लागतो? पण तेवढ्यात व्हिडिओचं पॅकेज विकायचं असतं!

सर्टिफिकेटवाल्यांची तर वेगळीच तऱ्हा. सिलिंडरचा व्हॉल्व्ह जेमतेम उघडलेला. गेजवर दोनशे बार, साहेब खूश. रेग्युलेटरमधून चार श्वास ओढताना काट्याकडे पाहिलं असतं, तर दर श्वासाला तो खाली जाऊन परत येताना दिसला असता. बोटीवर तेवढी हवा पुरते. खाली दाब वाढतो, प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते आणि ती फट पुरेनाशी होते. माणूस घाबरतो, धडपडीत मास्क सरकतो, नाकात पाणी जातं आणि तो सुसाट वर सुटतो, श्वास रोखून. पाठीवर हवा भरपूर! कमरेचा वजनांचा पट्टा एका झटक्यात सुटतो, पण मेलेल्या डायव्हरांच्या कमरेला तो तसाच सापडल्याच्या नोंदी जगभर आहेत.

हे सगळं उडीआधी जोडीदाराने तपासायचं असतं. एकमेकांचा व्हॉल्व्ह, पट्टा, बकलं. काम दोन मिनिटांचं. पण तपासायला सांगितलं की या शूरांचा अपमान होतो. ‘शंभर डाइव्ह झाल्यात माझ्या.’ झाल्या असतील. व्हॉल्व्हला कुठे मोजता येतं?