आधी दोरा, मग कात्री!

गेल्या वर्षी दादाला मुलगी झाली आणि ‘आत्याचं गिफ्ट मॉलमधलं नसेल’ अशी घोषणा मी फॅमिली ग्रुपवर करून टाकली. लक्ष्मी रोडवरून तीन रंगांचं प्रिंटेड कॉटन आणलं, एका शनिवारी टीव्हीसमोर बसून भराभर कापलं आणि तीन वीकेण्ड घालवून बेबी क्विल्ट शिवली. सगळ्यांनी ‘वॉव’ म्हटलं. मग वहिनीने ती धुतली. दोरीवर वाळत घातलेली माझी कलाकृती चौकोनी राहिलीच नव्हती! एक कोपरा लोंबत होता, मधले तुकडे फुगले होते. वहिनी बिचारी काही बोलली नाही. दादा मात्र म्हणाला, ‘‘पतंग मस्त झालाय.’’

मला वाटलं, माझी शिलाई कच्ची. पण घोळ शिवण्यात नव्हताच, कापण्यात होता.

कापड म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची वीण. उभा धागा म्हणजे ताणा. मागावर तो ताणून बसवलेला असतो, त्यामुळे त्या दिशेने कापड सगळ्यात कमी ताणलं जातं. आडवा बाणा थोडा जास्त सैल. आणि कापड तिरकं, म्हणजे ४५ अंशांत खेचलंत, तर ते चक्क रबरासारखं लांबतं. टेलर याला उरेब म्हणतात. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी लावतात ती यासाठीच, गोलाईवर ती छान वळते. पण क्विल्टच्या चौकोनाची कड उरेब निघाली, की ती शिवताना ताणते, इस्त्रीखाली ताणते आणि धुतल्यावर उरलासुरला हिशेब चुकता करते. शिवाय चुका साठत जातात. प्रत्येक चौकोन फक्त १/८ इंच चुकला, तरी १० चौकोनांच्या ओळीत सव्वा इंचाचा फरक पडतो.

मग आपल्या आज्यांच्या गोधड्या कशा टिकल्या? त्यांनी कुठे मोजलं होतं? कारण सोपं आहे. गोधडीत जुनी लुगडी बहुतेक अख्खीच एकावर एक अंथरतात आणि जवळजवळ धावदोरा घालून सगळे थर जखडून टाकतात. कापड हलणार कुठे? आपण मात्र कापडाचे शंभर तुकडे करून ते पुन्हा जोडायला निघालेलो असतो. तिथे प्रत्येक कड सरळच हवी.

हे सगळं कळलं, आणि नेमकी तेव्हाच आईने ट्रंकेतून तिच्या आईचं हिरवं सुती नऊवारी काढलं. आजीला जाऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. ‘‘याचं काही होतंय का बघ. पण एकच आहे हं,’’ आई म्हणाली. मार्केटचं कापड बिघडलं तर दुसरं आणता येतं. हे कुठून आणणार? चार दिवस मी कात्रीला हात लावला नाही.

मग हळूहळू सुरुवात केली. कापड नवं असेल तर आधी धुवा, वाळवा, इस्त्री करा. कॉटन पहिल्या धुण्यात आटतं आणि ते आटणं शिवण्याआधी झालेलं बरं. आजीचं लुगडं तर असंख्य वेळा धुतलेलं. ते मी खिडकीसमोर धरलं. जिथून जास्त उजेड दिसला, तो विरलेला भाग बाजूला ठेवला.

पट्टी काठाला लावली, काटकोनात रेघ मारली, कात्री उचलली. तेवढ्यात आई म्हणाली, ‘‘दोरा काढ आधी.’’ म्हणजे काठाजवळ छोटीशी चीर द्यायची, एक आडवा धागा नखात धरायचा आणि हलकेच ओढत जायचं. धागा सुटतो तशी कापडावर बारीक रेघ उमटते. तीच खरी सरळ रेघ. जुना धागा मध्येच तुटतो. मग तुटला तिथपर्यंत कापायचं आणि पुढचं टोक धरायचं. मी पाच वेळा धरलं. शेवटी पाहिलं तर पट्टीची रेघ आणि दोऱ्याची रेघ यांत चांगलं बोटभर अंतर! काठाची वीण घट्ट, आतलं अंग सैल. इतक्या वर्षांत काठ आत ओढला गेला होता आणि मी त्याच्याच भरवशावर होते. प्रिंटचंही तसंच. छापलेल्या रेघा धाग्याला धरून असतीलच असं नाही. माझा ‘पतंग’ तिथेच झाला होता.

पुढचं सोपं आहे. कापडाची दुहेरी घडी घालून उचलून धरा. घडीवर लाटा दिसल्या तर वरचा पदर डावी-उजवीकडे सरकवा, घडी सपाट लोंबेपर्यंत. तरीही कापड तिरकंच असेल, तर दोघांनी समोरासमोरचे आखूड पडणारे कोपरे धरून हलकेच खेचा. मग काठ कापून वेगळे करा. कंपासपेटीतल्यासारखाच, पण मोठा गुण्या घडीवर ठेवून काटकोन साधा. आधी पट्ट्या, मग पट्ट्यांचे चौकोन. दर तीन-चार पट्ट्यांनंतर काटकोन पुन्हा तपासा. ५ इंचांचा चौकोन हवा असेल तर साडेपाच इंच कापा, चारही बाजूंना पाव इंच शिलाईत जातो. रोटरी कटर आणि मॅट असेल तर झकास, नाहीतर धारदार कात्री आणि पेन्सिल चालते. आणि इस्त्री दाबायची, फरफटवायची नाही.

एका अख्ख्या रविवारात माझे फक्त ३६ चौकोन झाले. एकावर एक रचले तर पत्त्यांच्या कॅटसारखे चारही कडा जुळले. ही क्विल्ट आईसाठी आहे, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

कापून उरलेले काठ केराच्या पिशवीत टाकले होते. संध्याकाळी पाहिलं तर पिशवीत नव्हते. आईच्या कपाटात होते, नीट घडी घालून.