आधी मैदान, मग संघ

(द्वितीय वर्ष, कला)

२६ जानेवारी २०२५ रोजी रांची येथे महिलांच्या हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना झाला. महिलांची ही पहिलीच लीग. ओडिशा वॉरियर्सने सूरमा क्लबचा २-१ असा पराभव केला आणि ओडिशाचे दोन्ही गोल एकाच मुलीने केले. तिचे नाव ऋतुजा दादासो पिसाळ. मुलगी ओडिशाची नव्हे, आपल्या सातारा जिल्ह्यातली. मधले वडिलांचे नाव ऐकल्याबरोबर कोणीही मराठी माणूस हे ओळखील. क्रिकेटच्या एका षटकावर आपल्या कट्ट्यावर आठवडाभर वाद चालतो. या दोन गोलांबद्दल कितीजण बोलले?

त्या हंगामात पुरुषांचे आठ संघ होते, महिलांचे चार. बंगाल, ओडिशा, दिल्ली, उत्तर प्रदेश, तामिळनाडू, हैदराबाद अशी नावे त्यांत होती. महाराष्ट्राच्या नावाचा एकही संघ नव्हता. हॉकीची आवड असणारी मंडळी यावर हळहळतात. एवढे मोठे राज्य, एवढे उद्योगपती, आणि एक संघ उभा राहू नये! ही हळहळ मला समजते, पण ती चुकीच्या जागी खर्च होत आहे असे वाटते.

कारण आपल्याकडे संघ झाले नाहीत असे मुळीच नाही. २००५ साली प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली तेव्हा मराठा वॉरियर्स होता. त्यात खुद्द धनराज पिल्ले खेळला. परंतु त्या पहिल्या हंगामाचे सामने झाले हैदराबादला! २००८ नंतर ती लीग बंद पडली. २०१२ साली वर्ल्ड सिरीज हॉकी आली. तिच्यात पुणे स्ट्रायकर्स आणि मुंबई मरीन्स असे आपले दोन संघ होते. पुण्याने अंतिम फेरी गाठली, शेर-ए-पंजाबकडून हार खाल्ली, आणि त्या लीगचा दुसरा हंगाम कधी झालाच नाही. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीगमध्ये मुंबई मॅजिशियन्स आला, पाच संघांत पाचवा राहिला. पुढे त्याच्या जागी दबंग मुंबई आला. तो २०१७ च्या अंतिम सामन्यात कलिंगा लान्सर्सकडून १-४ असा हरला आणि त्यानंतर लीगच सात वर्षे थांबली.

बारा वर्षांत पाच संघ! नावे मोठी, गणवेश झगझगीत. पण मालकाचे गणित चुकले की संघ बासनात जातो. या पाच संघांमुळे खानदेशातील एका तरी शाळेत हॉकीची स्टिक आली का?

याच्या उलट बाजू पाहा. २०२४-२५ च्या हंगामाचे सगळे सामने राउरकेला आणि रांची या दोनच शहरांत झाले. बंगालच्या संघाने हैदराबादला ४-३ असे हरवून पुरुषांचे विजेतेपद मिळवले, तेही राउरकेल्यात. म्हणजे संघाला नाव कोणत्याही प्रांताचे असो, खेळ गेला तो जिथे मैदान आणि माणसे होती तिथे. राउरकेला ज्या सुंदरगढ जिल्ह्यात आहे, त्या आदिवासी भागात गावोगाव हॉकी खेळली जाते. तिथे अशा स्पर्धा होतात की जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. दिलीप तिर्की त्याच जिल्ह्यातला, अमित रोहिदासही तिथलाच. पानपोशला खेळाडूंचे वसतिगृह आहे. २०१८ पासून ओडिशा सरकार भारतीय संघांचे प्रायोजक आहे, आणि २०२३ च्या विश्वचषकासाठी राउरकेल्यात वीस हजारांहून अधिक प्रेक्षकांचे बिरसा मुंडा स्टेडियम उभे राहिले. लीग आली ती सर्वांत शेवटी. आधी गावचे मैदान, मग वसतिगृह, मग स्टेडियम, मग लीग, असा तो क्रम आहे. आपण मात्र कळस आधी मागतो आणि पाया नंतर पाहू म्हणतो.

आपल्या अमळनेर स्टेशनावरून जी अहमदाबाद-हावडा गाडी जाते, तीच पुढे राउरकेल्यालाही जाते. एका रुळावरची ही दोन गावे. तिथे डोंगर आहेत, इथे उत्तरेला सातपुडा आहे. तिथे मुंडा आणि उरांव मुले आहेत. आपल्याकडे चोपडा, यावल, शिरपूर भागात पावरा, भिल्ल, तडवी मुले आहेत. दम त्यांच्या अंगात उपजतच आहे. उणीव आहे ती त्यांच्या हातात काहीतरी देणाऱ्याची.

मराठी मुलांना हा खेळ जमत नाही असे म्हणणाऱ्यांनी सातारा जिल्ह्याकडे पाहावे. वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ, तिघींनीही भारताचा पोशाख घातला. धनराज खडकीला वाढला आणि १९९२ ते २००४ अशी चार ऑलिंपिके खेळला. आकाशातून यांतले कोणीच पडले नाही. प्रत्येकाच्या लहानपणी जवळपास एक मैदान होते आणि शिकवणारे कोणीतरी होते.

लीगचा काहीच उपयोग नाही असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. माझी माय आजही विचारते, "खेयीसन काय भेटस?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. ज्या घरात कापसाच्या भावावर वर्ष ठरते, तिथे तो विचारलाच पाहिजे. २०२४ च्या लिलावात उदिता दुहान या मुलीला ३२ लाख रुपयांची बोली लागली, पुरुषांत हरमनप्रीतसिंगला ७८ लाखांची. मायच्या प्रश्नाला हा आकडा उत्तर देतो, हे लीगचे उपकारच. परंतु ते उत्तर जिन्याच्या अगदी वरच्या पायरीवर ठेवलेले आहे. खालच्या पायऱ्या कुठे आहेत? माझ्या खेड्यातल्या शाळेत खेळाचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला भाग पुरा करण्याचा तास. कॉलेजात सराव संध्याकाळी असतो, आणि पासवाल्या मुलींची शेवटची एस.टी. त्याच्या आधीच निघून जाते. ज्या मुलीला मैदानावर अर्धा तासही थांबता येत नाही, तिला लिलावाचे काय?

म्हणून माझे म्हणणे असे की, मुंबईचा संघ पुन्हा यावा की न यावा हे धनिकांवर सोडून द्यावे. आपण आपल्या आवाक्यातले मागावे. कृत्रिम हिरवळीला कोट्यवधी रुपये लागतात, ती आज कोणी मागत नाही. पण हॉकीचा पाचजणांचा एक प्रकार आहे. त्याला पूर्ण मैदानाच्या निम्म्याहूनही कमी जागा पुरते. २०२४ च्या जानेवारीत मस्कतला या प्रकाराचा महिलांचा पहिला विश्वचषक झाला. भारत अंतिम सामन्यात नेदरलँड्सकडून २-७ असा हरला. आपल्या दोन गोलांपैकी एक ऋतुजाचाच होता. मुरूम टाकून रोलर फिरवला तर आपल्या कॉलेजच्या मैदानावरही सुरुवात करता येईल. सरावाला ती जागा पुरेशी आहे.

जिमखाना समितीकडे माझ्या मागण्या तीनच आहेत. पहिली, वीस स्टिक घ्याव्यात आणि ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे त्या नोंद करून विद्यार्थ्यांना द्याव्यात. दुसरी, मुलींचा सराव तासिका संपल्याबरोबर दुपारी ठेवावा, म्हणजे खेड्यावरच्या मुलींना एस.टी. सापडेल. तिसरी, आसपासच्या शाळांतील मुलामुलींना महिन्यातून एक रविवार या मैदानावर बोलवावे. शिकवणारा सुरुवातीला फार मोठा नसला तरी चालेल.

साने गुरुजी या गावात शिक्षक होते, याचा आपण प्रत्येक भाषणात अभिमान सांगतो. मुलांसोबत वेळ घालवणारा शिक्षक म्हणून ते आपल्याला आठवतात. गुरुजनांनी आमच्यासाठी मैदानावर आठवड्याला दोन तास द्यावेत एवढीच विनंती आहे.

मित्रमैत्रिणींनो, या मागण्यांचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. हा अंक हाती पडेल तेव्हा तो जिमखान्याच्या खोलीबाहेर टेबलावर असेल. खेळता येत नसले तरी सही करा.