तार त्यांची, खांब आमच्या शेतात



जमिनीवर आपण बोललो, जंगलावर बोललो, रेशन आणि रोजगार हमीवर तर दर अंकात बोलतो. या अंकात निरोपावर बोलायचं आहे. निरोप कोणाचा जातो, कोणाचा जात नाही आणि का जात नाही, यावर.

आपल्या मुलखात किती खात्यांचे स्वतःचे फोन आणि वायरलेस आहेत ते जरा मोजा. पोलिसांचा वायरलेस, ठाण्यात आणि गाडीतही. फॉरेस्टचा वायरलेस, रेंज ऑफिसात पेटी आणि साहेबाच्या कमरेला वॉकीटॉकी. रेल्वेचा स्वतःचा फोन, स्टेशनापासून स्टेशनापर्यंत, गेटवाल्याच्या खोपटातसुद्धा. पाटबंधारे खात्याचा सेट, धरणावर. आणि वीज कंपनीचा. कंपनीचा फोन तर दिसतही नाही, कारण तो वीज नेणाऱ्या मोठ्या तारांतूनच बोलतो. सबस्टेशनात मोठ्या तारेला पिंपासारखं गुंडाळं टांगलेलं असतं ना, ते त्यासाठीच. ज्या तारेतून वीज जाते, त्याच तारेतून साहेब साहेबाशी बोलतो. ती तार आपल्या नागलीच्या शेतावरून जाते. आपल्या पाड्यात ना वीज उतरते, ना बोलणं.

म्हणजे पाच खात्यांचा आवाज आपल्या डोक्यावरून जातो. आणि आपल्या पाड्यात बाई अडली तर निरोप द्यायला माणूस पळवावा लागतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या पट्ट्यातल्या एका पाड्यात हेच झालं. बाईला रात्री कळा सुरू झाल्या. नदी भरलेली. जवळच एका खात्याची चौकी, चौकीत चालू सेट. दोन पोरं भिजत गेली आणि म्हणाली, "तालुक्याला सांगा, गाडी पाठवा, आम्ही बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतो." उत्तर आलं, "हा सरकारी सेट आहे. बाहेरचा निरोप घेता येत नाय." सकाळी पाणी उतरल्यावर बाईला नेलं. बाई वाचली. मूल नाही वाचलं.

तोच सेट आणखी कशाला चालतो तेही आपल्याला माहीत आहे. आपण प्लॉटवर नांगर घातला की गार्ड टेकडीवर चढून बोलतो आणि पोलिसांची गाडी हजर होते. तेव्हा नदी आड येत नाही. तेव्हा तो निरोप "बाहेरचा" नसतो. आपल्याविरुद्धचा निरोप सरकारी आणि आपल्यासाठीचा निरोप खाजगी, असा हा हिशोब आहे.

आता कोणी म्हणेल, त्या चौकीवाल्याची काय चूक? नियमच तसा आहे. बरोबर. म्हणून आपण चौकीवाल्याशी भांडून थांबायचं नाही, नियमाशी भांडायचं.

नियम कुठून आला?

इंग्रजांनी १८७८ साली जंगल कायदा केला आणि जंगल सरकारचं झालं. १८८५ साली तार कायदा केला आणि निरोप सरकारचा झाला. १८९४ साली भूसंपादन कायदा केला आणि उरलेली जमीन हवी तेव्हा घ्यायची सोय झाली. सोळा वर्षांत तीन कायदे. तिन्ही एकाच आईची पोरं आहेत.

तार कायद्याचं चौथं कलम म्हणत होतं की तार, टेलिफोन, वायरलेस चालवायचा हक्क फक्त केंद्र सरकारचा. दुसऱ्या कोणाला हवा तर परवाना घ्यावा लागे. खात्यांना हा परवाना स्वतःच्या कामापुरता मिळे. त्यावर १९३३चा वायरलेस कायदा आला. परवान्याशिवाय सेट जवळ ठेवला तरी गुन्हा ठरे. पूर्वी साध्या रेडिओलाही लायसन लागायचं, आपल्या म्हाताऱ्यांना विचारा.

याच तार कायद्याचं दहावं कलम मात्र आपण पाठच करायला हवं होतं. खांब रोवायला, तार ओढायला कोणाचीही जमीन वापरता येईल, असं ते सांगत होतं. जमीन विकत घ्यायची नाही, संपादनही करायची नाही. मालकी तुमचीच, फक्त खांब त्यांचा. नुकसान झालं तर भरपाई द्यायची. कोणी अडवलं तर कलेक्टर हुकूम देई, आणि हुकमानंतर अडवलं तर गुन्हा ठरे. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशाकडे जावं लागे. एका खांबासाठी ठाण्याच्या कोर्टात कोणता वारली, कोणता कातकरी गेला असेल?

१९४८च्या वीज पुरवठा कायद्याने तेच अधिकार वीज बोर्डाला जोडून दिले. म्हणून बोर्डाचा टॉवर शेताच्या मधोमध उभा राहिला आणि सातबारावर त्याची खूणसुद्धा दिसली नाही. ज्यांचं नाव सातबारावर आहे त्यांची ही गत. एकसाली प्लॉटवाल्याचं तर नावच कागदावर नाही. त्याला भरपाई कोण विचारणार? टॉवर "नियमात" आणि टॉवरखालचा माणूस "अतिक्रमणात".

आता जंगलाचं ऐका. १९८०चा वनसंवर्धन कायदा दाखवून आपल्याला सांगतात, दिल्लीच्या परवानगीशिवाय जंगलजमीन शेतीला देता येत नाही. याच कायद्यात १९८८ साली दुरुस्ती झाली. कोणतं काम "वनेतर", म्हणजे जंगल मोडणारं, आणि कोणतं नाही, ते तिथे लिहिलं आहे. चेकनाके, जाळरेषा, कुंपण, पूल, पाइपलाइन यांच्यासोबत एक शब्द आहे: वायरलेस. फॉरेस्टने जंगलाच्या रक्षणासाठी वायरलेस बसवला तर जंगल मोडलं असं होत नाही, दिल्लीला विचारायचीही गरज नाही.

वाचलं ना नीट? डोंगराच्या माथ्यावर लोखंडी मनोरा उभा केला, त्याला रस्ता केला, झाडं छाटली, तर ते जंगलाचं रक्षण. आणि डोंगराच्या उतारावर आजोबापासून वरई पेरली, तर तो जंगलाचा नाश. ३१ मार्च १९७८ पूर्वीचे प्लॉट नावावर करायचं सरकारने स्वतःच ठरवलं होतं. त्याची तपासणी वर्षानुवर्षं संपली नाही. मनोऱ्याची तपासणी करावीच लागली नाही.

जमीन त्यांची, असं म्हणतात. मग हवा कोणाची? यावर सुप्रीम कोर्टाने ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल दिला आहे. खटला होता क्रिकेटच्या मॅचचा, टीव्हीवर ती कोणी दाखवायची याचा. पण कोर्ट जे बोललं ते आपल्या कामाचं आहे. ज्या लहरींवरून आवाज जातो त्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, आणि त्यांचा वापर लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे. सरकारची मालमत्ता नव्हे, लोकांची. तेव्हा चौकीतल्या सेटमधून जो आवाज जातो तो आपल्या हवेतून जातो. हवा आपली, डोंगर आपला, आणि निरोप तेवढा बाहेरचा?

आमचं म्हणणं नीट समजून घ्या, उद्या साहेब लोक वाकडं करून सांगतील. खात्यांचे वायरलेस बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. रेल्वेचा स्वतःचा फोन नसेल तर एका रुळावर दोन गाड्या येतील आणि मरतील ती गरीब माणसंच. धरणावरून पाण्याची खबर लगेच गेली पाहिजे. वीज कंपनीलाही एका सबस्टेशनाचा बिघाड दुसऱ्याला झटक्यात कळवावा लागतो. टेलिफोन खात्याच्या भरवशावर ही कामं चालत नव्हती, म्हणून त्यांनी आपली जाळी विणली. ठीक. आम्ही एवढंच विचारतो, जाळं तुमच्या कामासाठी विणलंत, पण त्यात माणसाचा जीव अडकला तर ते काम नाही का?

साहेब म्हणतील, गुप्तता आहे. पोलिसांची काही बोलणी गुप्त असतील, मान्य. साप चावला यात गुप्त काय आहे? साहेब म्हणतील, सगळे येऊन बसतील, लाइन अडेल. पाड्यातला माणूस रात्री पावसात दोन कोस चालून गप्पा मारायला येत नाही. साहेब म्हणतील, असं कधी झालेलं नाही. झालेलं आहे. पूर्वी रेल्वेच्या तार ऑफिसात सर्वसामान्य लोकांच्याही तारा घेत, पैसे घेऊन पुढे पाठवत. इंग्रजाच्या राज्यात रेल्वेची तार लोकांचा निरोप नेत होती. स्वराज्यात चौकीचा सेट का नेत नाही?

निरोप हातात नसला की काय होतं, हे आपल्या बापजाद्यांनी पाहिलं आहे. १९४५ साली वारल्यांचा लढा पेटला. तलवाड्याला सभा आहे, गोदाताई येणार आहेत, असा खोटा सांगावा पाड्यापाड्यात फिरवला गेला. माणसं जमली. पोलिसांच्या कानावर निराळीच खबर होती. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी शहीद झाले. लोकांना खरं काय ते विचारायला जागा नव्हती आणि सावकार-जमीनदारांचा शब्द सरकारपर्यंत सरळ पोचत होता.

आणि नंतरचं बघा. १९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला आपली लहान मुलं भुकेने दगावली. सगळ्या खात्यांची माणसं तालुक्यात होती. मुंबई काही तासांवर. मंत्र्यांच्या गाड्या आल्या त्या पेपरात छापून आल्यावर. गार्डाला झाड तुटल्याचं कळतं, मूल गेल्याचं कळवायला कोणत्याही सेटमध्ये जागा नव्हती.

खबर वर जाते, खाली येत नाही, हीच खरी गोष्ट आहे. १९६७च्या कायद्याने पोलीस पाटलावर गावाची खबर वर द्यायची जबाबदारी आहे. धरणाचे दरवाजे उघडणार ही खबर कंट्रोल रूमला वायरलेसने जाते. नदीकाठच्या पाड्याला ती कळते पाणी वाढल्यावर, गुरं वाहून गेल्यावर.

"थांबा, आता प्रत्येक गावात फोन येणार आहे," असंही सांगत. १९९४च्या दूरसंचार धोरणात लिहिलं होतं, १९९७ पर्यंत सगळ्या खेड्यांत टेलिफोन.  जिथे आला तिथे ग्रामपंचायतीवर उंच खांब, वर अँटेना, आत पेटी. बॅटरी उतरली की फोन मरायचा. पुष्कळ ठिकाणी पंचायतीला कुलूप आणि किल्ली सरपंचाकडे असायची. पंचायतीपासून पाडा किती लांब ते आपल्याला माहीत आहे. शहरात मात्र १९९५ साली खिशातला मोबाइल फोन आला. आणि १९९६ साली माजी दूरसंचार मंत्री सुखराम यांच्या घरांत सीबीआयला साडेतीन कोटींहून जास्त रोकड सापडली. आपल्या पाड्याला तार ओढायला पैसा नाही म्हणत.

तेव्हा करायचं काय?

१९९६च्या डिसेंबरात संसदेने आदिवासी भागासाठी पंचायतीचा कायदा केला. आपल्या भागात प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी ग्रामसभेला किंवा पंचायतीला विचारलं पाहिजे, असं त्यात आहे. खातं उद्या म्हणेल, खांबासाठी आम्ही जमीन "घेत" नाही, म्हणून विचारायचं कारण नाही. ही पळवाट आत्ताच बुजवायची. राज्य सरकारला आपले कायदे वर्षभरात बदलायचे होते.

पावसाआधी प्रत्येक पाड्याने बसून ठराव करावा. ठरावात हे मुद्दे घ्यावेत:

१. आपल्या हद्दीतल्या कोणत्याही खात्याच्या वायरलेसने किंवा फोनने बाळंतपण, सर्पदंश, पूर, आग आणि मृत्यू यांचा निरोप फुकट घेतला पाहिजे. निरोपाची वेळ वहीत लिहून देणाऱ्याला सही मिळाली पाहिजे.

२. धरणाचं पाणी सोडायची खबर कंट्रोल रूमला जाते त्याच वेळी नदीकाठच्या पाड्यांनाही गेली पाहिजे. कोण सांगणार, त्याचं नाव आधी ठरलं पाहिजे.

३. कोणाच्या शेतात किती खांब, किती टॉवर, भरपाई किती दिली, याची यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. एकसाली प्लॉटवाल्यालाही भरपाई मिळावी.

४. डोंगरावर नवा मनोरा उभा करायचा तर आधी ग्रामसभेला विचारावं.

५. गावाचा फोन पाड्यात, उघड्या जागी असावा. कुलपात नको.

६. वायरलेसने जंगल मोडत नसेल तर १९७८ पूर्वीच्या प्लॉटनेही मोडत नाही. प्लॉट नावावर करा.

ठरावाच्या तीन प्रती काढा. एक मामलेदाराला, एक कलेक्टरला, एक संघटनेकडे. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

आणि आजपासून पाड्यात एक वही ठेवा. शाळेत जाणाऱ्या पोरीकडे ती द्या. कोणी निरोप घेऊन गेला आणि त्याला परत पाठवलं, तर तारीख, वेळ, कोणतं खातं, काय उत्तर दिलं, सगळं त्याच दिवशी लिहा. वहीत लिहिलेलं कोर्टात बोलतं. आपण तोंडी सांगितलेलं साहेब विसरतो.

पहिला पाऊस पडला की आवणी सुरू होईल, मग कोणाला वेळ नाही. नद्या भरतील आणि कोणत्या तरी पाड्यात कोणाला तरी कळा सुरू होतील. त्याच्या आत ठराव पोचले पाहिजेत.

जंगल आमचं, जमीन आमची, निरोपही आमचा!
जिंदाबाद!