कोटेशन वाचताना : विद्यार्थ्याचा संगणक

जून महिन्यात महाविद्यालयांचे प्रवेश आटोपले की व्यापारी घरांत एक नवा खर्च उभा राहतो. मुलाला किंवा मुलीला संगणक हवा असतो. लॅपटॉप घ्यावा की टेबलावरचा डेस्कटॉप, हा पहिला प्रश्न. परगावी वसतिगृहात राहणाऱ्याला लॅपटॉपच सोयीचा. परंतु घरून महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच पैशांत डेस्कटॉप अधिक काम देतो, त्याचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो आणि पडदा मोठा असल्याने मानेला व डोळ्यांना त्रास कमी होतो. अडचण एवढीच, की डेस्कटॉप सुट्या भागांनी जुळवायचा असतो आणि प्रत्येक भागाची निवड स्वतंत्रपणे करावी लागते.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका कुटुंबात हाच प्रसंग आला. धाकटी मुलगी संगणकशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या वर्षात गेली. वडिलांनी, घरातल्या अण्णांनी, ओळखीच्या एका दुकानातून कोटेशन मागवले. एकूण रक्कम ७८ हजार रुपये होती. दिवेलागणीपूर्वी जेवणे आटोपल्यावर अण्णांनी तो कागद मुलीपुढे ठेवला आणि म्हणाले, “यातले काय काय लागणारच आहे ते सांग. बाकीचे मी घासाघीस करून खाली आणतो.”

मुलीने कागद वाचला. पहिल्या ओळीत ‘आय-७ प्रोसेसर’ एवढेच लिहिले होते. दुसऱ्या ओळीत ‘मदरबोर्ड, ब्रँडेड’. पुढे ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांचे चार पंखे, काचेचे कॅबिनेट. आणि तळाशी ‘एसएमपीएस, कॅबिनेटसोबत’.

“अण्णा, यात भाव आहे, पण मालाची प्रत लिहिलेली नाही,” ती म्हणाली. “मला एक दिवस द्या. मी यादी करते.”

अण्णांना हे बोलणे ओळखीचे वाटले. वाण, प्रत आणि ओलावा न सांगता कोणी हळदीचा भाव सांगितला, तर पेढीवर त्याचे बोलणे कोणी ऐकून घेत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीने जी यादी आणली, ती एका साध्या नियमावर बेतलेली होती. जो भाग पुढे सहज वाढवता येतो, तो आज गरजेपुरता घ्यावा. जो भाग पुढे बदलणे कठीण किंवा खर्चाचे असते, तो आजच नीट पाहून घ्यावा. या नियमाने पाहिले की कोटेशनमधील प्रत्येक ओळीचे महत्त्व बदलते.

आरंभ प्रोसेसरपासून. ‘आय-७’ या शब्दाला एकट्याने काही अर्थ नाही. त्यापुढचा आकडा पाहावा लागतो. इंटेलचा आय-७ ३७७० हा प्रोसेसर २०१२ सालचा आहे, तिसऱ्या पिढीतला. आय-३ १२१०० हा २०२२ सालचा, बाराव्या पिढीतला. दोघांतही चार कोअर आहेत. तरीही नवा आय-३ जुन्या आय-७ पेक्षा कितीतरी वेगवान आहे. आकड्याच्या आरंभी पिढी लिहिलेली असते : ३७७० मधील ३, १२१०० मधील १२. पिढी न लिहिता नुसते ‘आय-७’ लिहिलेले कोटेशन परत पाठवावे आणि पूर्ण क्रमांक मागावा. संगणकशास्त्राच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतील प्रोग्रॅम, ऑनलाइन तासिका, अहवाल-लेखन आणि तक्ते यांना असा चार कोअरचा नवा प्रोसेसर पुरेसा होतो. एएमडी कंपनीचा सहा कोअरचा रायझन ५ ५६००जी हाही त्याच कामाचा पर्याय आहे.

क्रमांकाच्या शेवटी येणारे अक्षरही वाचावे. आय-३ १२१०० मध्ये पडद्यावर चित्र दाखवणारी ग्राफिक्सची सोय आतच असते. आय-३ १२१००एफ मध्ये ती नसते. तीच गोष्ट ५६००जी आणि ५६०० यांची. ‘एफ’ अक्षराचा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्यासोबत वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागते. एका अक्षराने वाचलेले रुपये मग दुसऱ्या ओळीत कित्येक पटींनी जातात.

मुलीने ग्राफिक्स कार्डाची ओळ स्वतःच खोडली होती. अण्णांना नवल वाटले. मुले हेच कार्ड मागतात, असे त्यांनी शेजारच्या गाळेवाल्याकडून ऐकले होते. मुलीचे उत्तर सरळ होते : मोठे खेळ, त्रिमिती रचना किंवा चित्रफितींचे संपादन करणाऱ्याला कार्ड लागते, तिच्या अभ्यासक्रमात आज त्याचे काम नाही. तिसऱ्या वर्षी गरज पडली तर मदरबोर्डवर त्यासाठी मोकळी जागा आहे. तेव्हा तेच पैसे खर्च केले तर आजच्यापेक्षा नवे कार्ड मिळेल. रंगीत पंखे आणि काचेचे कॅबिनेट यांच्यावरही तिने काट मारली होती. आय-३ १२१०० सोबत खोक्यातच पंखा येतो आणि जाळीदार पुढच्या भागाचे साधे कॅबिनेट हवा खेळती ठेवते.

दोन ओळींत मात्र तिने खर्च वाढवला होता. पहिली ओळ मदरबोर्डची. मदरबोर्ड म्हणजे संगणकाची जमीन. बाकीचे सारे भाग तिच्यावर उभे राहतात. ती बदलायची म्हणजे संपूर्ण घर उतरवून पुन्हा बांधायचे. प्रोसेसरची बैठक आणि बोर्डाची बैठक जुळावी लागते. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर एकाच एलजीए १७०० या बैठकीत बसतात. त्यामुळे आज आय-३ घेतला, तरी पुढे त्याच बोर्डावर वरच्या दर्जाचा प्रोसेसर बसवता येतो. बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या प्रोसेसरचे नाव यादीत आहे एवढे पाहून घ्यावे. सर्वांत स्वस्त बोर्डांवर रॅमसाठी बहुधा दोनच खाचे असतात. मुलीने चार खाच्यांचा बोर्ड निवडला.

रॅमसाठी तिने ८ जीबीच्या दोन पट्ट्या, मिळून १६ जीबी, लिहिल्या होत्या. दोन पट्ट्या जोडीने लावल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. ग्राफिक्सची सोय प्रोसेसरच्या आतच असली की तीही हीच रॅम वापरते, म्हणून जोडीचा लाभ अधिक जाणवतो. उरलेले दोन खाचे रिकामे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव फार वर गेले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांकडून मेमरीला मागणी वाढली, हे त्यामागचे मुख्य कारण. तेजीत गरजेपुरता माल घ्यावा आणि भाव उतरल्यावर भर घालावी, हे अण्णांना समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. एक सावधगिरी मात्र हवी. डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्या एकमेकींच्या खाच्यात बसत नाहीत. बोर्ड ज्या प्रकारचा, तीच रॅम घ्यावी.

हार्ड डिस्कच्या जागी तिने ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी लिहिली होती. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावर सुई हलते; एसएसडीत हलणारा भागच नसतो. संगणक सुरू होण्यास, प्रोग्रॅम उघडण्यास जो वेळ लागतो, त्यात सर्वांत मोठा फरक या एका भागाने पडतो. साठवण कमी पडली तर बोर्डवर दुसरी एसएसडी बसवण्यास जागा आहे. पण एसएसडी किती चांगली असली, तरी अभ्यासाच्या कामाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावीच.

एकूण रक्कम ५२ हजारांच्या आत आली होती. तरीही अण्णांचे बोट सवयीने तळाच्या ओळीवर थांबले. ‘एसएमपीएस, ५५० वॅट, स्वतंत्र, साडेतीन हजार.’

“हा तर कॅबिनेटसोबत येतो म्हणतात. आत बसणार, कोणाला दिसणार नाही. हे काढून टाकू.”

मुलगी म्हणाली, “अण्णा, सौद्यात तुम्ही हळकुंड मोडून का पाहता?”

अण्णा हसले. पॉलिश केलेली हळद वरून साऱ्यांची सारखीच पिवळीधमक दिसते. मोडल्यावर आतला रंग कळतो. कधी तो गर्द केशरी असतो, तर कधी फिकट.

एसएमपीएस म्हणजे भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज घेऊन संगणकाला लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या स्थिर विजेत तिचे रूपांतर करणारा डबा. बोर्ड, प्रोसेसर, एसएसडी या सर्वांचे अन्नपाणी याच्या हातून जाते. तो निकृष्ट असला तर जळताना एकटा जळेलच असे नाही. कधी बोर्डलाही सोबत नेतो. साडेतीन हजार वाचवून तीस हजारांचा माल त्याच्या भरवशावर ठेवणे हा सौदा कोणताही अडत्या करणार नाही.

त्याची पारख करण्याची एक रीत मुलीने वडिलांना दाखवली. डब्याच्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि १२ ने गुणावे. संगणकाचे मुख्य भाग याच रकान्यातून वीज घेतात. एखाद्या डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेले असते आणि तक्त्यात १२ व्होल्टला १६ अँपिअर. गुणाकार येतो १९२ वॅट. चांगल्या ५५० वॅटच्या डब्यावर ४५ अँपिअर असतील, तर गुणाकार ५४० वॅट होतो. ‘८० प्लस’ ही खूण वीज किती कमी वाया जाते ते सांगते. ती उपयुक्त आहे, पण तेवढ्यावर न थांबता वॉरंटीची वर्षेही पाहावीत. कंपनी पाच वर्षांची हमी देत असेल, तर तिला आपल्या मालाविषयी काही विश्वास आहे असे समजावे. मुलीच्या संगणकाला आज या क्षमतेचा जेमतेम चौथा हिस्सा लागेल. उरलेली क्षमता उद्याच्या ग्राफिक्स कार्डासाठी.

अण्णांनी ती ओळ खोडली नाही.

मॉनिटरबाबत दोघांचे एकमत झाले. मुलगी रोज पाच-सहा तास त्याच्याकडे पाहणार होती. शिवाय चांगला मॉनिटर पुढच्या संगणकालाही चालतो. २४ इंचांचा, १९२० गुणिले १०८० बिंदूंचा, आयपीएस पडद्याचा मॉनिटर ठरला. आयपीएस पडद्यावर बाजूने पाहिले तरी रंग फिके पडत नाहीत. वीज अचानक गेली तर काम जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरती काही मिनिटे मिळावीत, म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस ठरला. आणि ज्या भिंतीतल्या सॉकेटवर संगणक लागणार, त्याचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यायचे ठरले. यादीतले हे सर्वांत स्वस्त काम, आणि बहुतेक घरांत तेच राहून जाते.

दुकानात गेल्यावर आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. दुकानदार म्हणाला, “विंडोज मी तसेच टाकून देतो, पैसे नकोत.” परवान्यावाचून टाकलेले विंडोज म्हणजे दुसऱ्याचा माल पावतीवाचून उचलणे, शिवाय अशा प्रतींतून व्हायरस येण्याचा धोका असतो. मुलीने तूर्त उबंटू ही विनामूल्य आणि कायदेशीर प्रणाली घेतली. तिच्या अभ्यासाला ती चांगली उपयोगी आहे. विंडोजच लागले, तर परवान्याचे पैसे यादीत आरंभीच धरावेत.

दुसरी गोष्ट बिलाची. “बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील,” असे दुकानदार सुचवून गेला. बिल नाही, तर वॉरंटीचा दावा कशाच्या आधारावर करणार? अण्णांच्या मनात क्षणभर निराळा विचार आला : बिल पेढीच्या जीएसटी क्रमांकावर घ्यावे, म्हणजे कराची वजावट मिळेल. परंतु हा संगणक पेढीच्या कामाचा नव्हता. वैयक्तिक वापराच्या वस्तूंवर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही, असे वस्तू व सेवा कर कायद्याचे कलम १७(५) सांगते. बिल मुलीच्या नावाने झाले, आणि त्यावर प्रत्येक भागाचा क्रमांक व सिरियल नंबर लिहून घेतला गेला.

ज्या घरांना ५० हजार जड जातात, त्यांनी कार्यालयांतून निघालेले वापरलेले डेस्कटॉप पाहण्यास हरकत नाही. पुष्कळ कमी पैशांत चांगले यंत्र हाती येऊ शकते. अट एकच : प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा. त्याआधीच्या जवळपास सर्व प्रोसेसरांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यात नवी एसएसडी बसवून घ्यावी. चौथ्या पिढीचा ‘आय-५’ स्वस्त मिळतो म्हणून जे घेतात, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

संगणक जुळून घरी आला. मुलीने बिल, वॉरंटीची कार्डे आणि भागांची यादी एका फाइलमध्ये लावली. पेढीवरचा हिशेबाचा संगणक विंडोज १० वरच चालतो, हे तिने अण्णांना आठवून दिले. आठवड्याने दुकानदाराने त्यासाठीही कोटेशन पाठवले. अण्णांनी ते उघडले, पहिली ओळ वाचली, ‘आय-५’ पुढे आकडा नाही हे पाहिले आणि कागद मुलीच्या टेबलावर ठेवून ते सौद्याला निघून गेले.