रुळांच्या वाटेने आलेली माणसे

वऱ्हाडची काळी माती कापसासाठी पूर्वापार प्रसिद्ध होती. उणीव होती ती वाटेची. रेल्वे येण्यापूर्वी येथील कापूस वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. प्रवास लांबत असे, पावसाने गोण्या भिजत, बैल वाटेतच दगावत. बाजार इतका दूर असल्यावर कापूस अधिक पिकवून तरी करायचे काय? सुपीक असूनही बरीच जमीन पडीत राहिली होती ती यामुळेही.

1853 साली निजामाने वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे सोपविला आणि त्याच वर्षी 16 एप्रिल रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. पुढे 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि सर्वांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. 1865 मध्ये थळ घाटातून गाड्या धावू लागल्या, 1867 मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला. 1870 मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला; त्याच्या उद्घाटनास खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले होते. पुढे बडनेऱ्याहून अमरावतीलाही फाटा गेला.

वाट झाली, तशी माणसे आली. पडीत जमिनी नांगराखाली आल्या. वेचणीसाठी व जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांसाठी शेजारच्या मुलखांतून मजूर आले. मारवाड व गुजरातमधून आलेल्या जैन व्यापाऱ्यांच्या पेढ्याही बाजारपेठांत उभ्या राहिल्या. 1867 च्या शिरगणतीत वऱ्हाडात सुमारे 22 लाख माणसे होती. 1881 मध्ये ती 27 लाखांच्या आसपास गेली, तर 1891 मध्ये 29 लाखांच्या जवळ पोहोचली. भट्टारकांच्या पीठांमुळे ख्यात असलेली कारंज्याची जुनी पेठ मात्र मुख्य मार्गापासून बाजूला पडली; मूर्तिजापूरहून अरुंद रुळांची गाडी तेथे पोहोचली ती विसाव्या शतकात. वंजाऱ्यांच्या तांड्यांचा तर पिढीजात धंदाच बुडाला.

पण या वाढीचा पाया एकाच पिकावर होता. भाव मिळतो म्हणून ज्वारीच्या वाट्याची पुष्कळ जमीन कापसाखाली गेली. 1896-97 व 1899-1900 या दोन दुष्काळांत तिचा हिशेब चुकता झाला. धान्य रेल्वेने येऊ शकत होते. परंतु शेतातले कामच थांबल्यामुळे ते विकत घेण्याची ऐपत मजुराजवळ उरली नव्हती. 1901 च्या शिरगणतीत लोकसंख्या वाढण्याऐवजी घटून साडेसत्तावीस लाखांवर आली. रूळ तेच होते, स्थानकेही तीच होती. दाणे आणि मजुरी यांचा मेळ मात्र तुटला होता.

लोहमार्गाने लोकवस्ती वाढविली, हे विधान म्हणूनच अर्धेच खरे आहे. त्याने बाजार जवळ आणला. माणसे टिकली ती जेथे काम आणि अन्न दोन्ही मिळाले तेथे. ज्या घरांत त्या काळच्या पेढीच्या वह्या अजून जपून ठेवल्या असतील, त्यांनी जमेच्या बाजूचे आकडे वाचताना एवढे ध्यानात ठेवावे, की त्यांतील प्रत्येक गाठीमागे भर उन्हात बोंडे वेचणारे हात होते, आणि त्या हातांची नावे कोणत्याही वहीत लिहिलेली नाहीत.