आधी माणसांवर तपासा, मग ‘गुणकारी’ म्हणा



रानभाजीचा अर्क ‘कर्करोगावर गुणकारी’ असल्याची या आठवड्यातली बातमी वाचून संताप आला. शेवळे, टाकळा, कुर्डू बाजारात दिसू लागले की दर पावसाळ्यात असा एखादा मथळा येतोच. ‘गुणकारी’ हा शब्द ठळक टाइपात असतो. प्रयोग प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींवर झाला, हे मात्र शेवटच्या ओळीत. अहो, बशीतल्या पेशी ब्लीचिंग पावडरनेही मरतात! म्हणून ती कोणी रुग्णाला पाजत नाही.

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले, त्यामुळे हे अर्क कसे काढतात ते मला ठाऊक आहे. पाने सावलीत वाळवायची, भुकटी करायची आणि बहुधा मिथेनॉलमध्ये भिजत ठेवायची. 2015 साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती याच मिथेनॉलने. अर्क आटवताना ते उडून जाते, हे मान्य. पण मिथेनॉलमध्ये जे उतरते ते आपल्या कढईत उतरते का? मग डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात तो अर्क टाकतात. रंग पिवळा पडला की वनस्पती ‘अँटिऑक्सिडंट’ ठरली. साधा चहाही या परीक्षेत पास होतो, आवळा तर होतोच. अशा परीक्षेवर कोणाच्या तब्येतीचा निकाल कसा लावता येईल?

ज्या बाया या भाज्या डोंगरातून खुडून आणतात, त्यांना कोणी विचारते का? आमच्याकडे ठाकर-कातकरी बाया शेवळे विकताना सोबत काकडे ही आंबट फळे देतात, कारण शेवळ्याची खाज आंबटाशिवाय मरत नाही. भारंगीचा पाला उकडून पाणी ओतून द्यायला त्याच सांगतात. म्हणजे पानातले बरेच काही त्या मुद्दाम फेकून देतात, तेव्हा ती भाजी खाण्याजोगी होते. प्रयोगशाळेत मात्र न उकडलेल्या पानाची भुकटी तपासली जाते आणि तिचे गुण शिजवलेल्या भाजीच्या नावावर जमा होतात. त्यानंतर तीच भुकटी डबीत भरून पाच-सहापट भावाने विकणारे उगवतात. माझ्या ओळखीतल्या एका मधुमेही गृहस्थांनी अशाच भुकटीच्या भरवशावर गोळ्या बंद केल्या आणि शेवटी त्यांना दवाखान्यात भरती करावे लागले. त्यांच्या खिशात वर्तमानपत्राचे कात्रण होते.

अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचे आकडे एके काळी प्रसिद्ध केले होते. माल खपवण्यासाठी त्यांचा गैरवापर होतो आणि परीक्षानळीतला आकडा शरीरात लागू पडत नाही, म्हणून 2012 मध्ये त्या खात्याने ती सगळी यादी मागे घेतली. ज्यांनी आकडे मोजले त्यांनीच ते काढून टाकले. आपण मात्र अजून तेच छापतो.

रानातल्या वनस्पतीतून औषध निघत नाही, असे माझे म्हणणे मुळीच नाही. सर्पगंधा आपलीच. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचे मूळ रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिले, प्रत्येकाचा रक्तदाब मोजला आणि 1949 साली 50 रुग्णांची निरीक्षणे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापली. त्यानंतर 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रेसरपिन हे औषधी द्रव्य वेगळे काढले गेले. रुग्णांना त्याने नैराश्य येते अशा तक्रारीही पुढे नोंदल्या गेल्या. गुण आणि अपाय दोन्ही कळले, ते माणसांवर तपासल्यामुळे. पाऊणशे वर्षांपूर्वी मुंबईत जे जमले, ते आज का जमू नये? आता मात्र पदवीसाठी एक पान, एक द्रावण, एक शोधनिबंध, की काम संपले! त्याच वनस्पतीवर पुढचे पाऊल टाकायला ना पैसा ना धीर.

आणि खरोखर गुण सापडला की त्या झाडाचे काय होते तेही पाहा. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात कॅम्पटोथेसिन हा रेणू आहे. त्या रेणूपासून घडवलेले टोपोटेकॅन 1996 पासून कर्करोगाच्या रुग्णांना दिले जाते, म्हणजे इथे गुण पुरता सिद्ध झालेला आहे. पण कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांत नरक्या चोरून तोडला जातो आणि पोत्यांत भरून बाहेर जातो. तो पकडल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. लागवडीबद्दल तर कोणी बोलतच नाही. रान ज्यांनी राखले त्या गावांच्या पदरी काही पडत नाही, हा अन्याय आपल्या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर कधी येणार?

तूर्त माझी मागणी साधी आहे. पुढच्या वेळी अशी बातमी आली की आपल्या वार्ताहराने संशोधकांना विचारावे, अर्क कशात काढला, मात्रा किती होती आणि तपासला कोणावर. उत्तर ‘बशीतल्या पेशींवर’ असे आले, तर तेच शब्द मथळ्यात छापावेत, त्याच ठळक टाइपात.

— एक निवृत्त शिक्षक, पेण (जि. रायगड)