गाडी तापू द्या!

जुन्या गाडीबद्दल आपल्याकडे एकच भीती असते. तापेल! घाटात बॉनेट उघडून कडेला उभी राहील, रेडिएटरमधून वाफ येईल, येणारे-जाणारे बघून हसतील. पण इंजिन पुरेसं तापलंच नाही तर काय होतं, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. कारण त्यात वाफ नाही, आवाज नाही, फजिती नाही. इंजिन आतल्या आत झिजत राहतं आणि आपण कौतुकाने म्हणतो, "काय मस्त थंड चालते बघ!"

माझं मत असं की, घरोघरी हौसेने सांभाळलेल्या जुन्या गाड्यांचं जास्त नुकसान उष्णता करत नाही, अर्धवट ऊब करते. एरवी हे मत मी माझ्याजवळच ठेवलं असतं. पण इथे येणारे निम्मे वाचक माझे नातेवाईक आहेत आणि काकांची फियाट सगळ्यांचीच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. बाकीच्या ब्लॉगर मंडळींनी सांभाळून घ्यावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : काकांची गाडी म्हणजे १९७८ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून फियाट ११०० डी बनत होती, १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं, पण लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. चार सिलिंडर, १०८९ सीसी, ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. (हे दोन धातू लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.) काका आता ऐंशीच्या घरात आहेत, गाडी चालवत नाहीत. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली असते आणि दर रविवारी आमच्यापैकी कोणीतरी जाऊन ती पाच मिनिटं चालू करून बंद करतं. गेल्या वर्षी गॅरेजवाल्याने "तापायची कटकटच नको" म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला. आणि आता ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट चिकटा दिसायला लागलाय, त्यामुळे "हेड गेलं, आता मोठा खर्च, त्यापेक्षा विकून टाकू" अशी बोलणी सुरू आहेत.

विकायचं की नाही ते नंतर बघू. आधी तो चिकटा कुठून आला ते बघू.

पेट्रोलमध्ये हायड्रोजन असतो. तो जळला की हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं! ऐकायला विचित्र वाटतं, पण सकाळी गाडी चालू केल्यावर सायलेन्सरमधून टपटप पाणी गळतं ते हेच. इंजिन गरम असेल तर हे पाणी वाफ होऊन बाहेर जातं. इंजिन थंड असेल तर त्यातलं काही सिलिंडरच्या गार भिंतींवर दव पडावं तसं जमतं, पिस्टनच्या रिंगांवरून खाली झिरपतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. पाणी आणि ऑइल घुसळलं गेलं की ताकावर लोणी यावं तसा पांढरट चिकटा तयार होतो. तो इंजिनाच्या सगळ्यात गार जागी, म्हणजे वरच्या झाकणाखाली जाऊन बसतो.

हेड गॅस्केट गेल्यावरही ऑइल असंच पांढरं होतं, हे खरं. पण तेव्हा रेडिएटरमधलं पाणी कमी होत जातं, डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ दिसतं, इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात आणि गाडी तापल्यावरसुद्धा सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही. आपल्या गाडीत दोन महिन्यांत पाण्याची पातळी हललेली नाही आणि डिपस्टिक स्वच्छ आहे. कॉम्प्रेशन टेस्ट करून खात्री करून घेऊच, पण माझ्या मते हेड गेलेलं नाही. ही दर रविवारच्या पाच मिनिटांची कमाई आहे.

पाच मिनिटांत नक्की काय होतं? थंड इंजिन चालू व्हायला चोक ओढावा लागतो, म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन काढतं. ऑइल गार असतं, घट्ट असतं, सगळीकडे पोचायला वेळ घेतं. शिवाय ज्वलनातून तयार होणारे आम्ल वायू त्या दवात विरघळतात. १९३०च्या दशकातच ब्रिटनमध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्सच्या संशोधनात दिसलं होतं की थंड चालणारं इंजिन नुसत्या घासण्याने झिजत नाही, आतून गंजूनही झिजतं. म्हणजे हे काही आजचं ज्ञान नव्हे. पाच मिनिटांनी आपण किल्ली फिरवतो, तेव्हा पाणी जेमतेम कोमट झालेलं असतं आणि ऑइल तर पाण्याच्या बरंच मागे असतं. ते सगळं दव, ते आम्ल, ते पेट्रोल आत ठेवून आपण कव्हर घालतो आणि समाधानाने घरी येतो. बॅटरी तरी भरते का? चालू करताना स्टार्टरने जे खाल्लं, तेही पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये धड भरून निघत नाही.

"अहो पण आपल्याकडे थंडी असते कुठे?" हा प्रश्न मला दोनदा विचारून झालाय. बाहेर ३० अंश आहे म्हणजे आपल्याला उकडतंय. इंजिनाला मात्र पाणी ८० ते ९० अंशांवर लागतं. त्याच्या हिशोबाने वैशाखातली दुपारसुद्धा पन्नास अंशांनी गारच!

आता थर्मोस्टॅट. ही मुठीत मावणारी वस्तू. आत मेणाने भरलेली छोटी पितळी कुपी असते. इंजिन गार असताना झडप बंद राहते, पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं आणि लवकर गरम होतं. ठरलेल्या तापमानाला मेण वितळतं, फुगतं, झडप ढकलून उघडतं आणि मग पाणी रेडिएटरकडे जाऊ लागतं. किती अंशांना उघडायचं तो आकडा बहुधा त्याच्यावरच कोरलेला असतो. वीज नाही, वायर नाही, नुसतं मेण. मला तर ही इंजिनातली सगळ्यात शहाणी वस्तू वाटते.

ती काढून टाकली की पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरतं. मोकळ्या रस्त्यावर गाडी ६० अंशांच्या वर जायला तयार होत नाही. काही इंजिनांमध्ये तर थर्मोस्टॅट उघडताना मधली आडवाट बंद करतो. तो काढला की ती आडवाट कायम उघडी राहते, थोडं गरम पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात येतं आणि चढावर गाडी उलट जास्त तापू शकते. म्हणजे तेलही गेलं आणि तूपही गेलं!

तरीही गॅरेजवाल्याला मी मूर्ख म्हणणार नाही. ह्या सल्ल्यामागे मुंबईच्या टॅक्सीचा अनुभव आहे. काळी-पिवळी पद्मिनी सकाळी एकदा चालू झाली की रात्रीपर्यंत चालत राहायची. सिग्नलला उभी, पुन्हा सिग्नलला उभी. पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर, त्यामुळे इंजिन हळू तर पंखाही हळू, आणि समोरून वारा नाही. अशा वेळी थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला तर हेड गॅस्केटच जायचं आणि त्या दिवसाचा धंदा बुडायचा. झडपच नसेल तर अडकणार काय? टॅक्सीला हा हिशोब बरोबर होता. दिवसभर चालणाऱ्या गाडीचं इंजिन थंड राहतंय कशाला? पण शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली, वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. उरल्या आपल्यासारख्यांच्या, रविवारच्या गाड्या. टॅक्सीचं औषध त्यांना देऊन कसं चालेल? दिवसभर उन्हात राबणाऱ्याचा आहार अंथरुणाला खिळलेल्याला देतो का आपण?

दुसरं असं की, थर्मोस्टॅट असताना गाडी तापत असेल तर बहुतेक वेळा दोष दुसरीकडेच असतो. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये घातलं की गिझरच्या कॉइलवर जमतात तसे क्षार आत जमतात. पट्टा सैल झालेला असतो. टायमिंग मागे गेलेलं असतं. होज पाइप आतून फुगून वाट अडवतो. थर्मोस्टॅट काढल्याने ह्यातलं काहीच बरं होत नाही, फक्त झाकलं जातं.

झाकणाचंही तसंच. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. पाण्यावर दाब ठेवायचा, म्हणजे ते शंभर अंशांना उकळत नाही. सात पौंडांच्या झाकणाने उकळबिंदू साधारण ११२ अंशांपर्यंत जातो. महाबळेश्वराच्या उंचीवर उघडं पाणी ९६च्या आतच उकळतं, तिथे हे झाकण किती कामाचं ते लक्षात येईल. मात्र जास्त पौंडांचं झाकण लावून शहाणपणा करू नये, जुन्या रेडिएटरचे सांधे फुटतात. आणि गरम असताना झाकण उघडायचं नाही, काही झालं तरी नाही. उघडल्याबरोबर दाब जातो, आतलं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणंही तितकंच वाईट. हेडला तडा जाऊ शकतो.

आता ते दोन धातू. बीड आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात बुडालेले असले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून नुसतं नळाचं पाणी नको, कूलंट हवं. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला असं वाटतं, पण त्यातली गंजरोधक द्रव्यंच आपल्या जास्त उपयोगाची. आधी सगळं धुऊन काढायचं, मग डिस्टिल्ड वॉटर मिसळून भरायचं. सांडलं तर लगेच पुसायचं. चवीला गोड आणि विषारी असतं ते, पार्किंगमधली कुत्री चाटतात.

तर माझं म्हणणं थोडक्यात असं. नवा थर्मोस्टॅट मी आणलाय. बसवायच्या आधी पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्याने लटकवायचा, थर्मामीटर धरायचा आणि कितीला उघडतो ते बघायचं. अडकणारा असेल तर तो पातेल्यातच कळेल, घाटात नाही. (काकूंनी लक्षात घ्यावं, पातेलं मी माझ्या घरचं वापरणार आहे आणि त्यात पुन्हा चहा करणार नाही.) त्याबरोबर रेडिएटर साफ, पट्टा नवा, ऑइल नवं, आणि डॅशबोर्डखाली अंश दाखवणारा एक छोटा मीटर.

आणि रविवारची पाच मिनिटं बंद. पंधरा दिवसांतून एकदा गाडी बाहेर काढायची. चालू करून अर्धा-एक मिनिट थांबायचं, मग हलक्या पायाने निघायचं, उभ्या उभ्या गरम करत बसायचं नाही. कोथरूडहून पौडपर्यंत जाऊन आलं की पन्नासेक किलोमीटर होतात. पाणी ८०च्या वर जातं, मागोमाग ऑइलही तापतं आणि आत साठलेलं दव वाफ होऊन निघून जातं. काही फेऱ्यांत झाकणाखालचा चिकटा आपोआप कमी व्हायला हवा. नाही झाला, तर माझा अंदाज चुकला असं समजून हेड उघडू. एखाद्या पंधरवड्यात कोणालाच जमलं नाही, तर बॅटरीची तार काढून गाडी तशीच राहू द्या. न चालवलेली गाडी अर्धवट चालवलेल्या गाडीपेक्षा बरी.

विकायची असेल तर विकू, माझा हट्ट नाही. पण विकायचं कारण "हेड गेलं" हे नसावं. कारण "आम्हाला पंधरा दिवसांतून दोन तास काढता येत नाहीत" हे असेल, तर तसं सरळ म्हणू या आणि ज्याला ते दोन तास आहेत अशा माणसाला गाडी देऊ या.

पहिल्या चार फेऱ्यांत मी आहे. पुढच्यांसाठी दादा आणि ताईने आपापल्या तारखा कळवाव्यात. काकांना मात्र दर खेपेला शेजारच्या सीटवर बसवायचं. मीटर आत्ता येतोय, इतकी वर्षं ते इंजिन तापलंय की नाही हे नुसत्या आवाजावरून सांगत आलेत. मीटर आणि काका ह्यांचं जुळतं का, ते मला बघायचंय.